टोळीचं तोंड

साहेबाच्या कारकुनानं, बाबूनं, माझ्या हातावर गुळाचा खडा टाकला अन् म्हणला, "घे. साहेबांना मायबाप म्हणता ना? मग मायबापांनी लेकरांना खाऊ दिलाय. खा आणि गप्प बस."

वरून टाकला. हाताला हात लागू नये म्हणून. कर्जतला रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्याच्या पायरीखाली आमी बारा जण रांगेत उभे होतो. रेल्वेची टोळी. सात बाप्ये, पाच बाया. बारा खडे पडले. साहेब वर वेताच्या खुर्चीत, मांडीवर आमचा अर्ज. हसत होता. बाबू तर असा खिदळत होता की त्याचं पागोटं सुटायची वेळ आली.

अन् मी तो गूळ खाल्ला. सांगायची लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? सकाळपासून पोटात काय नव्हतं. गोड लागला मेला.

आमी तिथं गेलो कशाला, ते ऐका. ठाकुरवाडीच्या वर घाटात बोगदे हायत. तिथं रुळाखाली खडी भरायचं काम आमच्या टोळीचं. बाप्ये पहारीनं खडी ठोकायचे, आमी बाया डोईवरच्या पाट्यांनी ती आत न्यायचो. बोगद्यात भर दुपारी काळोख. चढणारी गाडी धापा टाकत येते, ती लांबून कळते. पण गाडी घाटावर पोचवून रिकामं खाली उतरणारं इंजान गुमान येतं. आवाज आलाच तर भिंतींवर आपटून दोन्हीकडून येतो. पळायचं कुठं? माझी नणंद काशी तशीच गेली. ती माझ्या पुढं पाच पावलांवर होती. मी भिंतीला चिकटले, ती पुढं धावली. इंजान पुढूनच आलं.

साहेब म्हणला, "औरत लोग देखता नहीं." झालं. शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड! काळोखात काय बघायचं होतं रं, तुझ्या बापाचा बोगदा?

आमाला काय हवं होतं? बोगद्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस, हातात झेंडी, तोंडात शिट्टी. इंजान दिसलं की शिट्टी मारायची. बस. राज्य नव्हतं मागितलं.

बाजारात अर्ज लिहिणारा एक बसायचा. आमाला वाचता येतंय कुठं? त्याला सांगितलं, दोन माणसं द्या म्हणून लिही. त्यानं लिहिलं, "आपण आमचे मायबाप, आम्ही आपली अजाण लेकरं, आपल्या पायांची धूळ." हातभर कागद भरला, अन् दोन माणसांचं शेवटच्या ओळीत. वाचून दाखवला तवा मी म्हणलं, हे एवढं कशाला? तर मला म्हणतो, "रीत असते बाई." रीत! आमी बाराही जणांनी माना डोलावल्या. गाढवं आमी. आपलीच माणसं मरत होती अन् आमी लोळण घेत मागायला गेलो. बाबूनं बंगल्यावर तेवढाच भाग मोठ्यानं वाचला, हातवारे करून.

पण गुळाच्या आधी जे झालं ते गुळाहून वाईट होतं.

साहेब म्हणला, "टोली को हम नहीं पहचानता. एक एक आओ." अन् आत खोलीत एकेकाला बोलावलं. दार लावून. मी गेले. फरशी अशी गुळगुळीत की पाय ठरेना. माझ्या पायाचा चिखल तिच्यावर उमटला अन् बाबू ओरडला, "अगं ए, घाण केलीस ना!" साहेब म्हणला, "तुमको क्या तकलीफ?"

काशी माझ्या तोंडात होती. तिचा पदर, तिची फुटलेली पाटी, सगळं जिभेवर होतं. अन् मी म्हणलं, "काय नाय, साहेब."

मीच म्हणलं. दुसऱ्या कुणी नाय. बाबूनं ते लिहून घेतलं.

अकरा जणांनी तेच सांगितलं. कुणाला घरात म्हातारी, कुणाला चार पोरं. एकटं माणूस त्या खोलीत काय बोलणार? राहिला धाकूबाबा. जड रूळ उचलताना एक जण हाळी देतो, त्या हाळीवर सगळे एकदम जोर लावतात. हाळी चुकली तर बोटं जातात. आमच्या टोळीत हाळी धाकूबाबाची. मुकादम रेल्वेनं नेमलेला, पण हाळीवाला टोळी ठरवते. ज्याच्यावर आपली बोटं सोपवायची, तो आपणच निवडायचा.

धाकूबाबा आत जाऊन म्हणला, "माझं एकट्याचं काय नाय साहेब. टोळीचं हाय." बाबूनं लिहिलं, काही नाही. बाराच्या बारा 'काही नाही'. मग साहेब बाहेर आला अन् म्हणला, तक्रार कुणाचीच नाही, तर मग हा अर्ज कुणाचा? अन् मग गूळ.

काय डोकं! आमाला सुटं सुटं केलं अन् मग म्हणला, टोळी कुठाय?

त्या दिवसांत घाट चढायला गाडीला मागून दुसरं इंजान लागायचं. त्यावर एक गोरा डायवर होता. लालबुंद, दारूचा वास, पण बोलायचा. पाण्यासाठी थांबला होता तवा धाकूबाबानं त्याला बंगल्यावरचं सांगितलं. तो थुंकला अन् म्हणला, "हमारा विलायत में मजूर लोग का मंडली है. कायदा है. साहेब को मंडली से बात करना पडता."

मी विचारलं, "मग आमाला घ्याल तुमच्या मंडळीत?"

तो हसला. "तुम? नहीं, नहीं."

त्याच्या नावानं मीही थुंकले, तो गेल्यावर. पण गोष्ट डोक्यात बसली. म्हणजे साहेबाला हे ठाऊक होतं! त्याच्या देशात कामकऱ्यांची मंडळी कायद्यात बसते, तिच्या माणसाशी बोलतात. अन् तोच साहेब बोटीतून इकडं उतरला की त्याला टोळी दिसत नाय. डोळे काय समुद्रात पडले काय? इथं कायदा होता, नाय कसा? काम टाकून गेलास तर तुरुंग, तो कायदा आमच्यासाठी. आमचं ऐकायचा कायदा तेवढा विलायतेत ठेवून आला लेकाचा.

चार दिवसांनी परत त्याच बोगद्यात काम निघालं. आत रूळ खचला होता अन् दुपारची डाकगाडी यायची होती. आमी तोंडाशी गेलो अन् बसलो. पाट्या पालथ्या घातल्या अन् त्यांच्यावर बसलो. मुकादमानं आधी शिव्या दिल्या, मग हात जोडले. कुणी हललं नाय. मग साहेब आला, चार माणसांनी रेटलेल्या ढकलगाडीवर बसून. मागं बाबू, छत्री धरून.

"एक एक आओ," साहेब म्हणला. अन् बोट माझ्याकडं केलं. बाईमाणूस, त्यातून विधवा. ही आधी मोडंल, असं त्याला वाटलं असणार. "तुम. इधर."

घरी सासू होती, तीन वर्सांची पोर होती. मी बसूनच म्हणलं, "मी एकटी येणार नाय. आमच्या नावानं धाकूबाबा बोलंल."

बाबू किंचाळला, "उभी राहून बोल!"

"बोलायचं नायच मला. धाकूबाबा बोलंल."

मग पुढच्याला बोलावलं. तो म्हणला, धाकूबाबा बोलंल. त्याच्या पुढचा, तेच. बाया, बाप्ये, सगळे. साहेबाचं तोंड बघायला हवं होतं तुमी! तुरुंगाचं नाव काढलं. धाकूबाबा उठला, पुढं झाला अन् सरळ म्हणला, "दोन्ही टोकांना माणूस उभा करा. तवर आत कुणी जाणार नाय."

साहेबानं त्याच्याकडं पाठ केली. घड्याळ काढून बघितलं. डाकगाडी कर्जतला येऊन ठेपली असंल. मग ढकलगाडीच्या दोघांना झेंड्या अन् शिट्ट्या दिल्या अन् बोगद्याच्या दोन टोकांना उभं केलं. आमच्याशी एक शब्द नाय. जसं काय ते त्याच्याच मनात आलं होतं. आमी आत गेलो अन् रूळ बसवला.

मला वाटलं, जिंकलो. येडी मी.

दुसऱ्या दिवशी बाबू कागद घेऊन आला. म्हणला, साहेबांनी दया करून झेंडीवाले कायमचे दिलेत. धाकूबाबाला कामावरून काढलंय. अन् बाकीच्यांनी या कागदावर अंगठे उठवायचे. मी विचारलं, लिहिलंय काय? बंगल्यावर विचारलं नव्हतं, या खेपेला विचारलं.

त्यानं नाक मुरडत वाचलं. टोळीला कोणी पुढारी नाही, टोळीच्या नावानं कोणी बोलणार नाही, ज्याला सांगायचं त्यानं एकट्यानं येऊन सांगावं.

म्हणजे शिट्टी दिली अन् तोंड काढून घेतलं. उद्या हीच शिट्टी बंद केली तर सांगणार कोण? एकेकटं त्या खोलीत जाऊन? तिथं मी काय बोलते ते मी बघितलं होतं.

बाबूनं शाईचा डबा पुढं केला. सहा जणांनी अंगठा दिला. त्यांना मी शिव्या देत नाय, त्यांची पोरं माझ्या ओळखीची हायत. माझी पाळी आली. मी हात पदरात घेतला अन् म्हणलं, "धाकूबाबाला परत घ्या अन् आमच्या नावानं त्याच्याशी बोला. तसं लिहा, मग अंगठा देते."

"तू कोण गं सांगणारी? साहेबांनी झेंडीवाले दिले, तरी पोट भरलं नाही?"

"दिले नाय. आमी घेतले. अन् तू काय लिहितोस ते मी बघितलंय, माझ्यासाठी परत 'काही नाही' लिहू नको."

माझं काम त्याच दिवशी गेलं. आणखी चौघांचं गेलं. पुढं मी चौक गावच्या रस्त्यावर दगड फोडले, लोकांच्या शेतात लावणी केली, अर्धपोटी राहिले. कुणी आमाला परत बोलावलं नाय, अन् साहेब बढती घेऊन गेला म्हणं.

माझी पोर आता त्याच घाटात खडी वाहते. बोगद्याच्या टोकांना माणूस असतो. तिथले साहेब अजून म्हणतात, टोळीला आमी ओळखत नाय. ओळखतील. विलायतेत त्यांच्या बापांना ओळखावं लागलं, कायदा लिहावा लागला. इथंही लिहावा लागंल, अन् तो दयेनं लिहिलेला आमाला नको. तवर पोरीला मी बजावून ठेवलंय, तिच्या टोळीतल्या बायांनाही जाऊन सांगितलंय: साहेब एकटीला आत बोलावंल, गोड बोलंल, दार लावंल. जायचं नाय. जाऊ तर सगळ्या, नाय तर कुणीच नाय.