गॅफर स्टोयानचे शनिवार

फिजिओच्या टेबलावर माणूस पालथा पडला की बोलायला लागतो. समोर कुणाचा चेहरा नसतो ना! पोटरीवर अंगठा दाबला की आधी "आऊच" येतं, मग हवापाणी, आणि पाचव्या मिनिटाला थेट घरातली गोष्ट. त्यामुळे किस्से मी गोळा केले असं नाही, ते माझ्याकडे आपोआप साचत गेले.

आठवडाभर मी ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलमध्ये आजी-आजोबांचे गुडघे वाकवते आणि शनिवारी एका छोट्या फुटबॉल क्लबची फिजिओ असते. क्लब म्हणजे काय, तर एक मैदान, पत्र्याचं एक स्टँड, आणि एरवी पोस्टमन, प्लंबर, शिक्षक असलेले वीसेक खेळाडू. चार वर्षं आमचा मॅनेजर होता स्टोयान. मूळचा बल्गेरियाचा. तिकडे डिफेंडर म्हणून खेळला, मग इंग्लंडला आला, इथे गुडघ्याने दगा दिला, तेव्हा कोचिंग शिकला. गेल्या उन्हाळ्यात तो कायमचा आपल्या गावी परत गेला.

खेळाडू त्याला इथल्या रिवाजाप्रमाणे 'गॅफर' म्हणत, म्हणजे आपलं 'साहेब'. मीही म्हणायचे. इंग्रजीत सगळेच 'यू', पण मनातल्या मनात मी त्याला अहो-जाहोच करायचे. तुम्हाला सांगताना मात्र 'तो' म्हणते, नाहीतर गोष्ट पुढे सरकायची नाही!

*

पहिल्या दिवशी चेंजिंग रूममध्ये सगळे त्याला न्याहाळत होते. पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, जरा लंगडत चालणारा माणूस. कुणीतरी विचारलं, "गॅफर, खेळाडू म्हणून तुमची खासियत काय होती?"

स्टोयानने गुडघा चोळला.

"मी नव्वद मिनिटं खेळायचो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव नसायचं."

कुणाला हसावं की नाही कळेना. मग त्यानेच पुढे सांगितलं, "डिफेंडर चुकला की नाव येतं. आलं, की बायको पेपर लपवून ठेवायची!"

*

दुसऱ्याच आठवड्यात गोंधळ झाला. आमचा स्ट्रायकर डॅनी त्याला विचारायला गेला, "शनिवारी मी खेळतोय ना?"

स्टोयानने मान डावी-उजवीकडे हलवली. डॅनीचं तोंड एवढंसं झालं. शनिवारी तो सरळ ट्रेन पकडून कार्डिफला बहिणीकडे गेला.

मॅचला अर्धा तास उरलेला आणि गॅफर मैदानभर विचारतोय, "डॅनी कुठाय?" शेवटी फोन लावला. डॅनी पलीकडून ओरडला, "तुम्हीच तर नाही म्हणालात!"

"मी हो म्हणालो!"

बल्गेरियात मान आडवी हलवली की 'हो' आणि वर उचलली की 'नाही', हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सगळे माझ्याकडे वळले. "तुम्हा इंडियन लोकांचंही असंच काहीतरी असतं ना?"

मी म्हटलं, "छे, आमचं सोपं आहे. आमची मान हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही."

ती मॅच आम्ही डॅनीशिवाय खेळलो आणि हरलो. सोमवारी ट्रेनिंगला गॅफरने पहिला नियम सांगितला, "आजपासून मान फक्त हेडरसाठी!"

*

पाच-शून्यने हरलो, त्यानंतरची गोष्ट. स्टोयान माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "डॉक्टर, क्रेप बँडेज आहेत? सगळी दे." मी डॉक्टर नाही हे मी त्याला अनेकदा सांगितलं होतं. "माझ्या गुडघ्याला हात लावते ती डॉक्टर," हे त्याचं उत्तर.

त्या बँडेजांना गाठी मारून त्याने चार डिफेंडर कमरेला एकमेकांशी बांधले. एक पुढे गेला की चौघांनी पुढे जायचं, एक मागे आला की चौघांनी मागे. पहिल्या पाच मिनिटांत दोनदा चौघंही चिखलात आडवे. कुंपणापलीकडून कुत्रा फिरवणाऱ्या एक आजीबाई थांबून बघत होत्या.

"हे कैदी आहेत का हो?" त्यांनी काळजीने विचारलं.

"हो मॅडम," स्टोयान म्हणाला. "शनिवारपासून!"

*

हरणं थांबेना. ऑक्टोबरात चेअरमननी त्याला बोलावून घेतलं. चेअरमन तसे भले गृहस्थ, कुणाला दुखवायचं म्हटलं की त्यांचेच कान लाल होतात. मी शेजारच्या खोलीत टेपची रिळं मोजत होते, मधली भिंत प्लायवूडची.

"स्टोयान, अजून तीन मॅच. तीनच. समजतंय ना मी काय म्हणतोय?"

"समजलं. थँक यू."

"थँक यू कशाबद्दल?"

"आमच्याकडे एकच देतात."

पुढच्या तीनपैकी दोन आम्ही जिंकलो. चेअरमननी तो विषय परत काढला नाही.

*

लुईस आमचा कॅप्टन. पोस्टमन, वय चौतीस, सेंटर-हाफ, म्हणजे मधला डिफेंडर. त्याच्या गुडघ्याचा स्कॅन मी पाहिला होता आणि मला झोप लागत नव्हती. लुईसने मला बजावलेलं, "गॅफरला सांगायचं नाही." पेशंटचं गुपित ते गुपित.

स्टोयान एक दिवस दारात उभा राहिला. "लुईसचं काय?"

"मी सांगू शकत नाही."

"सांगू नकोस. एवढंच सांग, तुझा भाऊ असता तर त्याला खेळू दिलं असतंस?"

मी बँडेजची गुंडाळी करत राहिले. तो माझ्या हातांकडे बघून निघून गेला.

ट्रेनिंगनंतर त्याने लुईसला माझ्याच खोलीत बसवलं. लुईस तापलेलाच होता. "मला काढायचं असेल तर सरळ काढा, नाटक नको."

स्टोयानने ट्रॅकसूटचा पाय वर गुंडाळला, लुईसचा हात धरून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि पाय हळूहळू वाकवला. आतून करकर असा आवाज आला. मला दाराशी ऐकू आला.

"तीन वर्षं मी डॉक्टरांशी खोटं बोललो," तो म्हणाला. "इंजेक्शन घेऊन खेळलो. माझ्या मुलीला मी कधी खांद्यावर घेतलं नाही. ती आता मोठी झाली."

लुईसने हात काढला नाही. त्याने विचारलं, "मग शनिवारी मी काय करू? बारा वर्षं मी शनिवारी दुसरं काही केलं नाहीये."

"माझ्या शेजारी बस आणि रेफरीवर ओरड. मला अजून इंग्लिशमध्ये नीट शिव्या देता येत नाहीत!"

लुईस आजही त्या बेंचवर बसतो.

*

मॅच संपली की स्टोयान स्वतः टेबलावर पालथा पडायचा आणि मी त्याचा पाय सैल करायचे. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन यायचा. एकदा फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "मी तिला सांगितलं, ड्रॉ झाली."

"अहो पण आज आपण तीन-शून्यने जिंकलो!"

"दर शनिवारी मी ड्रॉच सांगतो. जिंकलो म्हटलं तर विचारेल, मग मोठ्या क्लबात का नाहीस? हरलो म्हटलं तर रडेल. ड्रॉ म्हटलं की फक्त विचारते, जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नागपूरला फोन केला. आईने नेहमीसारखं विचारलं, "कसं चाललंय गं तुझं?"

"ड्रॉ."

"काय?"

"काही नाही गं. जेवण झालं का तुझं?"

*

पुढच्या वर्षी आई-बाबा दोघंही ब्रिस्टलला आले, माझ्या मुलीला सांभाळायला. बाबांना मी एका शनिवारी मैदानावर घेऊन गेले. कानटोपी, मफलर, त्यातून डोकावणाऱ्या भरघोस पांढऱ्या मिशा. मी ओळख करून दिली, "गॅफर, हे माझे बाबा."

स्टोयान बाबांकडे बघतच राहिला. मग अतिशय गंभीरपणे मला म्हणाला, "आमच्या भाषेत बाबा म्हणजे आजी."

बाबांना त्याच्या उच्चारातलं इंग्रजी कळेना, म्हणून मी घाबरत घाबरत मराठी करून सांगितलं. बाबा म्हणजे अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर, ऑफिसात त्यांच्यापुढे कुणी खोकत नसे.

बाबांनी मफलर सारखा केला. "त्यांना म्हणावं, बरोबर आहे. सकाळपासून वरणभात भरवला, वेणी घातली, झोपवलं. आता अजून काय राहिलंय!"

त्या दिवशी दोघं बेंचवर एकाच थर्मासमधला चहा पीत बसले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला फुटबॉल कळत नाही. मॅचभर बडबड चालू!

*

आणि ही गेल्या वर्षीची, सीझनची शेवटची मॅच. जिंकलो नाही तर थेट खालच्या लीगमध्ये. समोरच्या टीमला मात्र काहीच पडलेलं नव्हतं, ते गुणतक्त्याच्या मध्यावर सुखात होते. त्यांच्या एका उंच डिफेंडरच्या बायकोने दोन छोट्या मुलींना पहिल्यांदाच मॅचला आणलं होतं. दोघींच्या गालांवर निळे पट्टे रंगवलेले.

शून्य-शून्य. शेवटचं मिनिट. डॅनीने बॉल गोलसमोर मारला, त्या उंच डिफेंडरने तो बाहेर काढायला पाय टाकला आणि बॉल त्याच्या स्वतःच्याच जाळ्यात!

शिट्टी वाजली. आम्ही वाचलो. लुईस चेअरमनना उचलून नाचत होता, लोक कुंपणावरून उड्या मारून आत येत होते. तो डिफेंडर गवतात तोंड खुपसून पडला होता. त्याच्या बाजूचे सगळे गप्प. फक्त त्या दोन मुली टाळ्या पिटत उड्या मारत होत्या, "डॅडीने गोल केला! डॅडीने गोल केला!"

मी दुखापत असेल म्हणून बॅग घेऊन धावले. माझ्याआधी स्टोयान तिथे पोचला होता. त्याला गुडघे टेकता येत नाहीत, म्हणून तो त्या माणसाच्या शेजारी ओल्या गवतात सरळ बसला होता, पाय लांब करून. आमच्या मागे अख्खं मैदान गात होतं आणि हे दोघं तसेच. मग त्याने मुलींच्या दिशेने बोट दाखवलं. "ऐक."

त्या माणसाने डोकं वर केलं. ऐकलं. तोंडावरचा चिखल पुसता पुसता त्याला हसू फुटलं, आणि हसतानाच तो रडायला लागला.

इकडे सगळे फोटोसाठी रांगेत उभे. स्टोयान त्या माणसाचा हात धरून आला आणि त्याला बरोबर मधोमध उभं केलं. मुली धावत येऊन त्याच्या पायांना चिकटल्या.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. "गॅफर, तो आपल्या टीमचा नाहीये."

स्टोयान त्याच्याकडे बघत म्हणाला, "गोल कोणी केला?"