‘कुठं’ म्हणायचं नाही

बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठं’ विचारू नये, नाट लागते, हे आमच्याकडं पोराला नीट बोलता येण्याआधी शिकवतात. ‘लांब का?’ म्हणावं, ‘जाऊन या’ म्हणावं, नाहीतर गप्प बसावं. हल्लीच्या मुली ह्याला हसतात. खुशाल हसा. मला हसू येत नाही. त्या एका शब्दापायी माझी सख्खी बहीण वर्षभर माझ्याशी बोलली नाही, आणि ज्यांनी तो शब्द माझ्यावर उलटवला त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. ती सगळी माणसं आता वर गेली. म्हणून काय झालं?

माझं सासर सोलापुरात, नवी पेठेत. खाली कापडाचं दुकान, वर बिऱ्हाड. सासरे आणि थोरले दीर दुकान सोडून कधी हलले नाहीत. वर सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. आमचे हे सगळ्यात धाकटे, सांगितलेलं काम करणारे. कुळाची देवी बदामीजवळची बनशंकरी. सासूबाई नवी नवरी असताना एकदा जाऊन आल्या होत्या आणि तेवढ्यावर त्यांनी तीस वर्षं बोलणं रेटलं. लाल डोंगर, देवळासमोर पेठेएवढं तळं, चहूकडं नारळाची झाडी, पुढं महाकूटाला डोंगरात झऱ्याचं कुंड, त्यात पोहलं तरी तळ दिसतो. आमच्या नळाला सकाळी घटकाभर पाणी. ते ऐकताना मला तळ्यापेक्षा त्या पाण्याचाच हेवा वाटायचा.

एका वर्षी सासऱ्यांच्या तोंडून ‘या जाऊन’ निघालं. पौषातलं देवीचं नवरात्र गाठायचं, पण पुनवेच्या जत्रेची गर्दी टाळायची, तीन दिवसांत परत यायचं. हे सोबत येणार. चौथीपर्यंत शाळा झालेली घरात मी एकटीच बाई. ह्यांनी स्टेशनवरून गाड्यांच्या वेळा कागदावर उतरवून आणल्या, तो कागद माझ्या हाती आला आणि दुपारी पुरुष खाली गेले की बेत सुरू व्हायचा.

बदामीला जाणारी गाडी विजापुरावरून जाते, हे मला कागद न बघता ठाऊक होतं. विजापुरात माझी अक्का दिलेली. आमचे आईबाप मी लहान असताना एकाच साथीत गेले. अक्कानं मला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, शाळेच्या दारापर्यंत हाताला धरून नेलं. माझं लग्न झाल्यापासून सहा वर्षं मी तिला पाहिलं नव्हतं. सणाला जायची गोष्ट काढली की सासूबाई म्हणायच्या, “बहिणीचं घर म्हंजे काय म्हायेर व्हय?” आईबाप नसलेल्या पोरीला माहेर नाही आणि बहिणीचं घर माहेर नाही, असा त्यांचा हिशेब. सासऱ्यांनी परवानगी दिली त्या दिवशी मी देवीला नाही, रेल्वेला नमस्कार केला.

“विजापुरात गाडी किती थांबती गं?” सासूबाईंनी विचारलं.

“इंजिन पाणी घेतं तितं, आत्याबाई. चांगली थांबती.”

“तुला बरं ठावं!”

“हितं लिवलंय की.”

कागदावर इंजिनाच्या पाण्याचं काही लिहिलं नव्हतं. अक्काच्या एका पत्रात ते होतं.

जाऊ शेंगदाणे पाखडत होती. ती म्हणाली, “हिला देवीपरीस स्टेशनाचीच ओढ लई.”

“दर्शन बी विजापुरातच घेणार बघ ही,” सासूबाई म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मीही हसले. तेव्हा मला कशाचंही हसू येत होतं.

मी अक्काला कार्ड टाकलं. वार, गाडी, वेळ, बायकांच्या डब्यापाशी थांब. अक्काला वाचता येत नव्हतं, ती शेजारच्या मास्तरणीकडून वाचून घ्यायची. तिचं उत्तर आलं: येते. मग मी तीन दिवस राबले. होटगीला गाडी बदलताना सामान उचलायला सोपं जावं म्हणून एका मोठ्या गाठोड्याची दोन केली. दशम्या, शेंगाची चटणी, डबाभर शेंगापोळ्या, ओटीचा खण, नारळ, तांब्या, घोंगड्या. काय कशात आहे ते सगळं मला पाठ.

घरच्या दोन पुरुषांना जेवण करून घालायला बोळातली एक म्हातारी येणार होती. निघायच्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला, अंगात ताप आहे. सासूबाईंनी निरोप ऐकला आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दोन धडधाकट बाप्ये, तीन दिवस, आणि चूल कुणाला पेटवता येत नाही!

टांगा दाराशी आला. हे पुढं टांगेवाल्याशेजारी बसले. सासूबाई उंबरा ओलांडत होत्या, मी मागं, दोन्ही हातांत गाठोडी, काखेत ओटीचं सामान. काखेतलं घसरायला लागलं, म्हणून मी म्हटलं, “आत्याबाई, ओटीचं कुटं ठेवू?”

एवढंच. कुठं निघालात असं नाही विचारलं, ओटी कुठं ठेवू विचारलं. सासूबाईंचा एक पाय आत, एक बाहेर. तशाच त्या मागं वळल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

“लागली नाट,” त्या म्हणाल्या.

नाट लागली तर त्याला उपाय असतो, सगळ्यांना ठाऊक आहे. आत यायचं, वहाणा काढायच्या, घोटभर पाणी प्यायचं, क्षणभर बसायचं, पुन्हा निघायचं. मी पाणी आणायला धावले. सासूबाईंनी पाणी घेतलं, प्यायल्या, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, “जिनं तोंड घातलं तिनं घरात राहावं. देवीच्या वाटंवर ते तोंड नगं.”

“आत्याबाई, मी ओटीचं विचारलं.”

“शब्द त्योच की.”

मी जावेकडं पाहिलं. तिनं पदर सारखा केला आणि टांग्यात जाऊन बसली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते घोड्याच्या कानांकडं बघत होते. मी म्हटलं, “अवो, अक्का स्टेशनावर येणार हाय. तिला तेवढं सांगा.” त्यांनी मान हलवली. टांगा गेला. मी बांधलेली गाठोडी गेली, माझ्या हातच्या पोळ्या गेल्या, मी उभी राहिले. तो शब्द तोंडातून गेला नसता तर दुसरं काही निघालं असतं. मी शिंकले असते तरी चाललं असतं त्यांना.

तीन दिवस मी त्या दोन पुरुषांना भाकरी करून घातली. दुसऱ्या दिवशी दीर म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. मी मिठाची बरणीच पानापुढं ठेवली.

मंडळी परत आली. सासूबाईंनी माझ्या कपाळाला देवीचं कुंकू लावलं आणि महाकूटाचं पाणी तांब्यातून दिलं, जसं काही घडलंच नव्हतं. ते पाणी मी त्यांच्यासमोर तुळशीत ओतलं. मग ह्यांना एकटं गाठून विचारलं, “अक्का आली होती?”

“व्हती की.”

“काय म्हणाली?”

“मी उतरलो न्हाय.”

“उतरला न्हाय?”

“बायकांच्या डब्यापाशी हिंडत होती. खिडकी खिडकीतनं बघत होती. हातात फडक्यात बांधलेलं काय तरी होतं.” मग म्हणाले, “काय सांगायचं तिला? ओटी कुटं ठेवू म्हणाली म्हणून ठेवून आलो?”

माझा नवरा वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही. भित्रा होता. लोक म्हणतात भित्रा माणूस कुणाचं वाईट करत नाही. म्हणणाऱ्यांनी माझ्या बहिणीला त्या खिडक्यांतून बघताना डोळ्यांपुढं आणावं.

आठ दिवसांनी मास्तरणीच्या अक्षरात अक्काचं कार्ड आलं. ‘तू आली नाहीस. तुझ्या मोठ्या घरात आम्हांला जागा नाही हे समजले. पुन्हा लिहू नये.’ मी लिहिलं, सगळं खरं लिहिलं. ओटीचं, उंबऱ्याचं, म्हातारीच्या तापाचं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. नाही. असल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवेल? मीही ठेवला नसता.

पुढच्या पौषात पुन्हा बेत निघाला. सासूबाईंना तळ्याची चटक लागली होती. पुन्हा कागद माझ्या हाती, पुन्हा गाठोडी मी बांधली, शेंगापोळ्या मी लाटल्या. मी अक्काला एकच ओळ टाकली: ह्या गाडीनं येते. आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “धाकटे, औंदा बी तूच घर बघ. तुला सवय झालीया.”

“बरं,” मी म्हटलं.

सकाळी टांगा आला. मी चुलीपाशी नव्हते. नेसायचं चांगलं लुगडं नेसून मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले, हातात माझं एक बोचकं. सासूबाई आतून आल्या.

“सर की बाजूला.”

“आत्याबाई, इचारू का?”

“काय?”

“तेच. मागल्या वर्षी इचारलेलं.”

त्यांना आधी कळलं नाही. जावेला कळलं, तिनं तोंडावर हात घेतला. मी म्हटलं, “आज इचारीन. पाणी पिऊन पुन्ना निघालात की पुन्ना इचारीन. पुनव सरंस्तोवर हितंच उभी ऱ्हाते. माझं काय, मला सवय झालीया.” आणि तोंड उघडलं. “कु—”

“बस, बस टांग्यात, भवाने!” सासूबाई किंचाळल्या. शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली.

मी बसले. घर बघायला थोरली जाऊ मागं राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिचंही त्या वाटेवर कुणी असेल. मी कधी विचारलं नाही. ते माझ्या नावावर राहू दे.

होटगीला गाडी बदलली. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, ते बरंच होतं. गोलघुमट दिसायला लागला तेव्हा मी पोळ्यांचा डबा मांडीवर ओढून घेतला. वर्षभर जिनं एका कार्डाला उत्तर दिलं नाही, ती कशाला येईल? गाडी थांबली. पोळ्यांचा डबा घेऊनच मी उतरले. डब्याच्या दारापाशी कोणी नाही. खिडक्यांपाशी कोणी नाही. पार टोकाला, पाण्याच्या नळापाशी, एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती जवळ आली नाही. मी गेले.

अक्का वाळली होती. माझ्याकडं खालून वर पाहिलं आणि म्हणाली, “कुटं होतीस गं?”

माझ्या अंगाची आग झाली. “तू बी तोच शब्द काढ! लिवलं होतं की सगळं!”

“खोटं लिवलं असंल. ओटीपायी कुणी माणूस टाकून जातं व्हय?”

“आमच्यात जातात!”

“मग असल्या घरात ऱ्हातीस कशाला?”

“तूच दिलीस मला!”

असं आम्ही भांडलो. लोक बघत होते. सहा वर्षांचं आणि वरचं एक वर्षाचं, सगळं तेवढ्यात भांडून घेतलं. भांडताना कधीतरी तिनं माझी वेणी हातात घेतली, सुटलेलं टोक बघितलं आणि शिव्या देत देत पुन्हा घातली. ती म्हणाली, “औंदा काय आणलं न्हाय मी. मागल्या वर्षीचं सगळं कुत्र्याला घातलं.” शिट्टी झाली. मी शेंगापोळ्यांचा डबा तिच्या हातात कोंबला आणि पळाले.

बदामी दुपारनंतर आली. तळं, डोंगर, झाडी, सगळं सासूबाई सांगत तसंच होतं, कुंडाचं पाणी खरंच तळापर्यंत दिसत होतं. पण मला विचाराल तर मी त्या आधीचं सांगेन. बागलकोटच्या जवळपास भूक लागली. सासूबाईंनी एक गाठोडं सोडलं, दुसरं सोडलं, बाकाखाली वाकून पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

“धाकटे, पोळ्यांचा डबा कु—”

आणि स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.