नवीन कलमं लावून राहिले का?

तैवानच्या एका विद्यापीठात मला पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली, शिष्यवृत्तीसकट. अमरावतीच्या आमच्या घरात तो आनंद संध्याकाळच्या बातम्यांपर्यंत टिकला. पडद्यावर त्या बेटाभोवती चीनच्या युद्धनौकांचा वेढा होता, अमेरिकेचं जहाज तिकडे निघालं होतं, आणि कोणाकडे किती अणुबॉम्ब आहेत ते निवेदक ओरडून सांगत होता. बाबांनी आवाज कमी केला. "तिथं नाही जायचं," म्हणाले.

मोठ्या माणसांशी वाद घालायची वेळ आली की मला मराठीही सुचत नाही, शाळेत शिकलेलं इंग्रजीही नाही. विद्यापीठाला रविवारपर्यंत होकार कळवायचा होता. आईने वाद घातला नाही, शेंदूरजनाघाटला तिच्या भावाला फोन केला. मामाची संत्र्याची बाग आहे. बाबा त्याचं ऐकतात, पण कबूल करत नाहीत.

शनिवारी मामा आला.

"काय भाऊजी, पोरीले काहून अडवून राहिले?"

"दोन पहेलवानांच्या मधात कोनी घर घेते का, साळेबुवा? तेही बॉम्बवाले."

मामाने मला तिथल्या कोणालातरी व्हिडिओ फोन लावायला सांगितलं. कॉलेजात माझ्या पुढे असलेली एक ताई त्याच विद्यापीठात शिकते. ती पडद्यावर दिसताच मामाने विचारलं, "बाई, तिथं संत्र्याची नवीन कलमं लावून राहिले का लोक?"

ताई आधी हसली, मग तिने घरमालकीणबाईंनाच बोलावून आणलं. त्यांच्या भावाची डोंगरउतारावर बाग होती. बाईंनी आपल्या मोबाइलमधला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. काठ्यांना बांधलेली, गुडघ्याएवढी रोपं, यंदाचीच.

"लय जवळजवळ लावले," मामा म्हणाला. "पन लावले. चार-पाच वर्षं फळ नाही याले. पळून जानारा मानूस असं झाड लावत नाही, भाऊजी."

"बागवाले येडेच असतात. पान्याचा पत्ता नव्हता तरी तुमी लावलेच ना."

मामाने फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं, संपलं. पण बाबांनी फोन स्वतःकडे ओढला आणि ताईला म्हणाले, "त्यायले विचार, युद्ध झालं तर?"

बाई त्यांच्या भाषेत बोलू लागल्या. ताई ते वाक्यावाक्याने मराठीत सांगत गेली. लहानपणापासून त्या हेच ऐकत आल्यात. यंदा मात्र त्यांनाही भीती वाटते. दाराशी एक पिशवी भरून ठेवली आहे, पाणी, टॉर्च, औषधं. ताईचीही भरली आहे. तुमची मुलगी आली तर तिचीही भरतील, आणि निघायची वेळ आली तर तिघी सोबत निघतील.

बाबा माझ्याकडे वळले. "तुले काय वाटते?"

हे आठवडाभरात कोणी विचारलंच नव्हतं.

"भीती वाटते," मी म्हणाले. "पण मला जायचंय, बाबा."

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा फोनकडे वळले.

"बेटा," त्यांनी ताईला विचारलं, "तिकडं थंडीत स्वेटर पुरते, का जाकीट लागते?"