पूरमास्तरांची तांबडी रेघ

“मास्तरांनी पुराची रेघ आपल्या घराला वळसा घालून काढली आणि स्वतःचे घर कोरड्यात ठेवले.” आमच्या गावाच्या स्मरणिकेत हे वाक्य छापले आहे. लिहिणाऱ्याने ना तो पूर पाहिला, ना मास्तर. मी दोन्ही पाहिले. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मास्तरांच्याच शाळेत मी दुसरा शिक्षक होतो.

पुलगावच्या खाली, वर्धेच्या काठी आमचे गाव. मास्तर कोणाकडेही गेले की पाणी पिण्याआधी पाणी विचारीत. “मागच्या पुरात उतरंडीचं कितवं मडकं ओलं झालतं?” पुरुषांच्या साक्षीवर त्यांचा विश्वास नव्हता. “गडीमाणूस पूर फुगवून सांगते. बाईले इचारा, तिची चूल इझली होती.” एक म्हातारी म्हणाली, “खालचे तीन ओले झालते, मास्तर. चौथ्यात मीठ होतं, थे कोरडं राह्यलं.” मास्तरांना जणू गुप्तधन सापडले. लगेच मडकी वितीने मोजली, गवंड्याची पाणसळ लावली आणि भिंतीवर गेरूची खूण उमटली.

एका उन्हाळ्यात अशा साऱ्या खुणा जोडून त्यांनी गावाच्या नकाशावर तांबडी रेघ ओढली. तो कागद घेऊन आम्ही दोघे प्रौढ शिक्षक भर उन्हात पाटलांकडे अक्षरशः धावत गेलो. पाटील हसले. “मास्तर, नदी काय तुमचा कागद वाचून येईन?”

“नाई पाटील. पण थे आपली जुनी वाट इसरत नाई.”

पुढची कल्पना त्याहून धाडसी होती. घरटी एक पायली ज्वारी गावाच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, टाकायची आणि पुरात ज्याची चूल विझेल त्याला त्यातून द्यायची. वरची आळी बिथरली. “आमच्याकडे पाणी येत नाई, मंग आमी काऊन द्यावं?”

“तुमी कोरडे राह्यता, म्हणूनच तर मांगून राह्यलो. बुडालेला काय देईन?”

ज्वारी जमली, पण पाटलांना पेव सोयीसाठी पाराजवळ हवे होते, आणि पार तर रेघेच्या आत. मास्तर तीन दिवस त्या जागेवर बसून राहिले. कुदळ लागू दिली नाही. अखेर पेव रेघेच्या वर, टेकाडावर खणले गेले.

भाद्रपदात नदी आली. दुपारपर्यंत पार बुडाला. सारे गाव रेघेच्या वर उभे होते. पाणी चढत चढत आले आणि गेरूच्या खुणेखाली चार बोटांवर थबकले. पाटील पुटपुटले, “कागद वाचला का काय बाईनं.” दुसऱ्या दिवशी पेव उघडले, ज्वारी खडखडीत कोरडी निघाली. ती घ्यायला लागलेल्या रांगेत शेवटी, ओल्या धोतरानिशी, मास्तर उभे होते.

पुढे त्यांची बदली झाली. बैलगाडीत बसताना त्यांनी खुणांची वही माझ्या हाती दिली. “नवा पूर आला का खुना वाढवजो.” पुन्हा भेट झाली नाही.

रेघेला वळसा आहे, हे मी नाकारीत नाही. जुन्या नाल्याच्या खोलगटामुळे तो पडला. पण घर वळशाच्या कोणत्या अंगाला आहे, हे स्मरणिकाकारांनी पाहिलेच नाही. वही माझ्यापाशी आहे. यावे आणि वाचावे. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, मास्तरांच्याच अक्षरात लिहिले आहे: “माझे घर. उतरंड पाच मडक्यांची. पाचही ओली.”