धुक्यातली ओ

भुताखेताच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं... म्हणजे यायचं. मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो, मीटर दाखवेल तेवढंच खरं मानणारा. पटलं नाही तर सोडून द्या, मला कुणाला पटवायचंही नाही.

साल १९९६, ऑगस्टमधला रविवार. आम्ही सानपाड्याला राहायचो. तेव्हा खारघरला टॉवर नव्हते. हायवेला उतरून भातशेतीच्या बांधावरून डोंगरातल्या धबधब्याकडे चालत जावं लागायचं. मी आणि कंपनीतला मित्र संजू, असे दोघंच जाणार होतो. पण आई म्हणाली, "दादालाबी ने की संगं. दीड वरीस झालं, घरातनं हललं न्हाई पोरगं."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची कंपनी बंद पडल्यापासून पस्तिशीचा हा माणूस दिवसभर गॅलरीत बसून खालची वर्दळ बघायचा. नेला. नाइलाजानं नेला, हे आत्ताच सांगून टाकतो.

धबधब्याखाली भिजलो, डबे खाल्ले. तीनच्या सुमारास असं धुकं उतरलं की हातभर अंतरावरचं दिसेना. ओढ्याचं पाणीही चढायला लागलं. संजू म्हणाला, "चल रे, उगाच टेन्शन नको." मी पुढं, मध्ये संजू, मागं दादा. थांबून बघायचा कंटाळा, म्हणून मी चालता चालता नुसत्या हाका मारत होतो.

"दादा?"

"ओ... येतोय."

असं पाच-सहा वेळा तरी झालं. संजूनंही ऐकलं — शेवटची ओ तर त्याच्या खांद्यामागूनच आली. खाली शेतात पोचलो, धुकं विरळ झालं, वळून बघतो तर आम्ही दोघंच.

गावातल्या चार जणांनी दोर लावून दादाला काढलं. तो धबधब्यापासून हललाच नव्हता. पहिल्याच पावलाला पाय दोन दगडांत अडकला होता आणि पाणी छातीपर्यंत आलं होतं. दोर गुंडाळताना एक म्हातारा आगरी आमच्यावर वैतागला. "पावसान डोंगरान हाका नाय मारायच्या. ओ कोन देतंय त्ये कलत नाय." एवढं बोलून तो बिडी पेटवायला गेला.

दादाचा पाय घोट्यापासून कापावा लागला. हॉस्पिटलात मी विचारलं, "तू ओरडला का नाहीस?"

"ओरडलो की. तू ओ दिलीस... इथं, कानाशी." तो रागावलेला नव्हता, तेच सहन होत नव्हतं. "म्हणालास, 'दादा, बस तिथंच. तू नाही परतलास तर घरातले दोन घास तरी वाचतील.' मग मी गप बसलो. खोटं काय होतं त्यात?"

मी शपथा घेतल्या. संजूला साक्षीला उभा केला. दादा नुसता "असू दे रे" म्हणायचा. मरेपर्यंत तेच म्हणत राहिला.

कुणी म्हणतं प्रतिध्वनी, कुणी म्हणतं भीतीनं झालेला भास. मी आनंदानं मानलं असतं. पण त्या दिवशी सकाळी आई तिसरा डबा भरत होती, तेव्हा ते दोन घासांचं माझ्या मनात येऊन गेलं होतं. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मग ते डोंगरात कुणाला कळलं?

मी बोललो नाही, हे दादाला हजार वेळा सांगितलं. मनात नव्हतं, हे एकदाही सांगता आलं नाही.