उसन्या कळा

देवाच्या दारीही वशिला चालतो की काय, ही शंका मला पनवेलच्या त्या प्रसूतिगृहात पडल्यापडल्या आली. मला सातवा महिना आणि कळा सुरू झालेल्या. शेजारच्या खाटेवर उलव्याची एक मुलगी, नववा उलटून गेलेला, आणि तिला कळ म्हणून येत नव्हती. तिला कळा याव्यात म्हणून सलाइन, माझ्या थांबाव्यात म्हणून गोळ्या. प्रत्येक गोळीआधी सिस्टर माझं बीपी बघायच्या, पोटावर हात ठेवून बसायच्या. "डाव्या कुशीवर राहा. पोट कडक झालं की लगेच सांगा, सोसत बसू नका," म्हणायच्या. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शन दिलं होतं. ते लागू पडेपर्यंत तरी बाळानं आत राहायला हवं होतं.

मी मात्र पडद्याच्या फटीतून तिचं पोट बघत होते. कसं भरलेलं, निवांत! आणि ती चक्क जांभया देत होती. माझा नुसता जळफळाट होत होता. तिची सासू एकवीरा आईचा अंगारा घेऊन आली, तेव्हा तर वाटलं, ज्यांना आहे त्यांनाच देवी आणखी देते.

माझं कण्हणं ऐकून ती सासू पडदा सारून आली. सिस्टरना विचारून तिनं माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसं म्हणाली, "आई, हिच्या कळा माज्या सुनंला उसन्या दे. हिला आताच नको." मग माझ्याकडे वळून, "घाबरू नको गो बाय. उसनं हाय. तुजी वेळ आली का परत देऊ."

मला रागच आला. माझ्या दुखण्याचाही उपयोग हिच्याच सुनेला! पण हात आपोआप जोडले गेले. म्हटलं, घे आई. माझ्याच्यानं आता काही धरवत नाही.

दुपार कलता कलता पोट सैल पडलं. सिस्टरनी हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला आणि हसल्या. पलीकडे ती मुलगी ओरडायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी काम केलं. केलंच. पण तिचं बाळ रडलं तेव्हाही मी जळलेच, खोटं कशाला बोलू?

मला घरी सोडलं. नववा भरल्यावर एका सकाळी पोळ्या लाटताना पहिली कळ आली, अशी की ओटाच धरला. नवरा गाडीची किल्ली शोधत घरभर धावत होता आणि मी दुखता दुखता हसत होते. पिठाचे हात तसेच जोडले आणि म्हटलं, "पोचल्या गं, आई."