आमच्या म्हशीवर पोसलेला ग्रेहाउंड

दुधात पाणी मी घालत होतो आणि बोल लागला शेजारच्या आक्काला. आजही हे सांगताना माझे कान तापतात.

निपाणीला आमची तंबाखूची वखार होती. कामासाठी बेळगावच्या कॅम्पात गेलो असताना, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाचा ग्रेहाउंड मला फुकट मिळाला. सशामागे धावणारा शिकारी कुत्रा, माझ्या कमरेएवढा उंच. हा वखारीच्या दारात उभा राहिला तर पेठेत आपलं वजन वाढेल, एवढाच मी विचार केला. साहेबाचा खानसामा म्हणाला, "याला रोज शेरभर मटण लागतं." आम्ही जैन, घरात कांदासुद्धा येत नसे. मी म्हणालो, "सवय बदलेल."

येताना मोटारवाल्याने कुत्र्याचं पूर्ण तिकीट घेतलं. वर म्हणाला, "मांडीवर घेतासा तर अर्धं लावतो."

बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं, दिवस मावळल्यावर या घरात कुणी जेवत नाही, तर कुत्राही जेवणार नाही. संध्याकाळी आमटी-भात समोर आला की तो आधी थाळीकडे बघे, मग माझ्याकडे. पंधरवड्यात असा वाळला की पेठेत लोक विचारू लागले, "आप्पा, ह्यो तुमची राखण करतोय का तुमी ह्याची?"

मग मला दूध सुचलं. आमची म्हैस आक्का पिळायची. एकटी बाई, चार घरच्या धारा काढून पोट भरणारी. सकाळी चरवी कट्ट्यावर ठेवून ती म्हशीला वैरण टाकायला जाई. तेवढ्यात मी निम्मं दूध कुत्र्यापुढे ओती आणि चरवी पाण्याने भरून ठेवी. पाणी गाळलेलं असे. तेवढा धर्म मी पाळला. कुत्रा तुकतुकीत झाला. घरात दही मात्र लागेना.

एके दिवशी वखारीसमोरच्या विहिरीवर, सगळ्या बायकांदेखत, बायको म्हणाली, "आक्का, दुधात पानी किती घालायचं ह्याला काय सुमार हाय का न्हाय?"

"मी? पानी?" आक्काने भरलेली घागर खाली ठेवली. "हातावर पोट हाय बाई माझं. असलं बोलू नगंस."

हे सगळं मला वखारीच्या दारातून ऐकू आलं. मी कुत्र्याचा कान खाजवत राहिलो. आठवड्याभरात उरलेल्या तीन घरांनीही आक्काला बंद केलं.

मग बायको स्वतः धार काढायला बसली. म्हशीने दोनदा लाथ झाडली, पण दूध निघालं. बायको वैरणीकडे वळली आणि माझा हात सवयीने चरवीकडे गेला. थोड्या वेळाने ती चुलीपाशी चरवीत बोट बुडवून बघत बसली.

"अहो, हे तर मी पिळलंय."

"म्हैसच पातळ देत असंल."

"म्हैस पातळ देत्या आणि कुत्रं जाड हुतंय, व्हय?"

कुत्रा नेमका तेव्हाच दारात आला. मिशांना दुधाचा फेस.

बायकोने चरवी बाजूला सारली. मग म्हणाली, "भरल्या विहिरीवर बोलले मी तिला. जावा आधी."

आक्काने दारातच माझं सगळं ऐकून घेतलं. "हितं कोन ऐकतंय रं आप्पा? बोल मला कुठं लागला? सकाळी तिथं ये. समद्या असताना."

बायकांच्या विहिरीवर पुरुषाने जायची रीत नव्हती. गेलो. मागोमाग कुत्राही आला. त्याला बघून बायका भराभर वरच्या कट्ट्यावर चढल्या, त्यामुळे सगळ्यांना मी नीट दिसू लागलो. मी काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्यानं, आप्पा," आक्का म्हणाली. "माजं काम बंद केल्याल्या त्या तिघी लांब हाइत."

मी टोपी काढली आणि जवळजवळ ओरडलो, "आक्का, चोर मी हाय. तुझा हात चोख हुता. तुझी घरं सुटली तवा मी तोंड मिटून बसलो. लई चुकलो. मला माफ कर."